खटल्यांतून घडवलेला कायदा: एसईसीच्या क्रिप्टो प्रकरणांतून नेमके हाती काय लागले?

प्रश्न: पुण्याचा_अभ्यासक

नमस्कार. एलएल.एम.च्या प्रबंधासाठी मी वित्त-तंत्रज्ञानाचे नियमन हा विषय घेतला असून त्यात एका गाठीपाशी अडकलो आहे. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने, म्हणजे एसईसीने, क्रिप्टो व्यवहारांसाठी वेगळी नियमावली करण्याऐवजी १९३३ आणि १९३४ च्या जुन्याच रोखेविषयक कायद्यांचा आधार घेऊन एकामागून एक दावे लावले. उद्योगातील मंडळी याला 'कारवाईच्या आडून नियमन' म्हणतात. माझ्या मार्गदर्शकांच्या मते ही केवळ कारवाईच्या कचाट्यात सापडलेल्यांची ओरड आहे. न्यायालयात जाऊन कायद्याचा अर्थ लावून घेणे हे नियामकाचे कामच आहे.

मला ते पटत होते, पण दोन निकाल एकापाठोपाठ वाचले आणि गोंधळलो. १३ जुलै २०२३ रोजी न्यायाधीश ॲनालिसा टोरेस यांनी रिपल या क्रिप्टो कंपनीच्या प्रकरणात असे ठरवले की कंपनीने मोठ्या संस्थांना थेट विकलेले एक्सआरपी टोकन हा रोख्यांचा व्यवहार होता, मात्र तेच टोकन बाजारमंचावर (एक्स्चेंजवर) अनोळखी ग्राहकांना विकले तेव्हा तो तसा नव्हता. त्यानंतर अठरा दिवसांनी, ३१ जुलै रोजी, त्याच न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयातील न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी टेराफॉर्म या दुसऱ्या क्रिप्टो कंपनीच्या प्रकरणात हा भेद मान्य करण्यास स्पष्ट नकार दिला. एकच कायदा, एकच न्यायालय आणि उत्तरे मात्र दोन. खटल्यांतून कायदा स्पष्ट होतो असे म्हणायचे, तर हे काय आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: जुना_वकील

आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, आणि ते निम्मे आधी नीट समजून घ्यावे. ज्या कसोटीवर ही सारी प्रकरणे तोलली गेली, ती हॉवी कसोटी मुळात एसईसीने लावलेल्या दाव्यातूनच जन्मली. फ्लोरिडातील हॉवी कंपनी लिंबूवर्गीय फळबागांचे लहान लहान तुकडे विकत असे, आणि बागेची निगा, फळांची तोडणी व विक्री हे सगळे तिचीच सेवा-कंपनी दहा वर्षांच्या करारावर पाहत असे. घेणारे बहुतेक परराज्यातले होते, त्यांतले कित्येक तिथल्याच एका हॉटेलात उतरलेले प्रवासी. शेतीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. एसईसीने मनाई हुकूम मागितला, दोन न्यायालयांत हार खाल्ली आणि १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली. सामाईक उपक्रमात पैसा घालायचा, नफ्याची आशा धरायची आणि तो नफा दुसऱ्यांच्या खटपटीतून यायचा, ही चौकट तेव्हापासून उभी आहे. आतल्या गोटातील माहितीवर शेअरचे व्यवहार करण्यास असलेली मनाईही अमेरिकेत बहुतांशी अशीच, प्रकरणागणिक, घडली. तेव्हा खटल्यांतून कायदा घडवणे हा काही एसईसीचे माजी अध्यक्ष गेन्सलर यांच्या कारकिर्दीतला शोध नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९४७ च्या चेनरी निकालाचा दाखलाही आपल्याला दिला जाईल: सर्वसाधारण नियम करायचा की एकेक प्रकरण हाताळत जायचे, हे प्रशासकीय संस्थेने आपल्या विवेकाने ठरवावे. मात्र एक बारकावा सोडू नका. चेनरीमध्ये निर्णय आयोगाने स्वतः दिला होता. क्रिप्टो प्रकरणांत आयोग दावेदार म्हणून संघीय न्यायालयात उभा होता; तिथे अर्थ न्यायाधीश लावतात, आयोग केवळ युक्तिवाद करतो. कायदा आपल्याला हवा तसा वळेल याची हमी तिथे नसते, आणि रिपलमध्ये नेमके तेच झाले.

आता राहिलेले निम्मे. खटल्यातून येणारा कायदा हा निवडलेल्या प्रतिवादीच्या मापाने बेतलेला असतो. एसईसीने आधी सोपी प्रकरणे घेतली, त्यात गैर काही नाही. कोणताही वकील तेच करील. टेलिग्रामने १७० कोटी डॉलर उभे केले होते आणि टोकन वाटण्याआधीच मार्च २०२० मध्ये न्यायालयाने ते रोखले. किक कंपनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हरली. दोन्हीकडे कंपनी, तिचे आश्वासन आणि तिला थेट पैसे देणारा खरेदीदार अशी साखळी सरळ दिसत होती. त्या निकालांचे बळ घेऊन आयोग रिपलपाशी आला, जिथे टोकन वर्षानुवर्षे खुल्या बाजारात फिरत होते. टोरेस यांचे म्हणणे असे की संस्थांनी कंपनीशी करार करून सुमारे ७३ कोटी डॉलर मोजले, तेव्हा हा पैसा रिपल आपल्या कामाला लावील हे त्यांना ठाऊक होते; पण बाजारमंचावर खरेदी करणाऱ्याला आपला पैसा रिपलकडे जातो की कुणा तिऱ्हाइताकडे हेच कळत नव्हते. रॅकॉफ म्हणाले की हॉवी कसोटी खरेदीदारांत असा भेद करत नाही. विकणाऱ्याने साऱ्या जगाला ऐकू जातील अशी आश्वासने दिली असतील, तर ती बाजारमंचावरच्या ग्राहकाच्याही कानी पडलेली असतात. मला व्यक्तिशः रॅकॉफ यांचे तर्कशास्त्र अधिक पटते, कारण टोरेस यांच्या मांडणीत ज्याला माहिती सर्वांत कमी त्यालाच संरक्षणही सर्वांत कमी मिळते. जिल्हा न्यायाधीश एकमेकांच्या निकालाने बांधलेले नसतात. असा भेद अपिलात सुटायचा असतो, आणि खटल्याच्या मार्गाची खरी किंमत तिथे, म्हणजे अपिलापर्यंतच्या वर्षांत, मोजली जाते.

उत्तर: हडसनकाठचा_हिशेबनीस

मी न्यू जर्सीत राहतो आणि एका मध्यम आकाराच्या दलाली कंपनीत अनुपालन विभागात काम करतो. तेव्हा वकिली बाजू सोडून टेबलापलीकडची हकिकत सांगतो.

आमच्याकडे एक तक्ता असायचा. डावीकडे टोकनांची नावे, पुढे बाहेरच्या वकिलांचे मत, आणि शेवटच्या रकान्यात 'कोणत्या दाव्यात उल्लेख'. एसईसीचा नवा दावा दाखल झाला की कुणीतरी ती शंभरेक पानांची पीडीएफ उघडायची, शोधखिडकीत एकेक नाव टाकायचे आणि सापडले की तो रकाना लाल करायचा. वकिलांचा वीस पानी अभिप्राय काहीही म्हणो, लाल रकाना जिंकायचा. न्यायालयाने काही ठरवलेले नसायचे. तो केवळ एका पक्षाचा आरोप असायचा. पण आमच्या दृष्टीने नियम लागू झालेला असायचा.

जुलै २०२२ मधले एक प्रकरण अवश्य पाहा. कॉइनबेस या क्रिप्टो बाजारमंचाच्या एका माजी कर्मचाऱ्याने कोणते टोकन मंचावर येणार याची माहिती आधीच फोडली, असा तो आरोप होता. फौजदारी खटला भरणाऱ्या न्याय खात्याने फसवणुकीचे कलम लावून काम भागवले. एसईसीने मात्र आपल्या दाव्यात नऊ टोकनांना रोखे ठरवले. ती टोकने काढणारे त्या खटल्यात पक्षकार नव्हते आणि कॉइनबेसही नव्हती. म्हणजे ज्यांच्या वस्तूचे नामकरण चालले होते, त्यांना बोलायला जागाच नव्हती. पुढे जून २०२३ मध्ये बायनान्स आणि कॉइनबेस या दोन बाजारमंचांवर लागोपाठच्या दोन दिवसांत दावे लागले, तेव्हा रॉबिनहूड या दलाली कंपनीने कार्डानो, सोलाना आणि पॉलिगॉन ही टोकने त्याच महिन्यात बंद केली. त्यावर निकाल कुठलाच लागलेला नव्हता.

मला रागावायचे नाही. नियम कडक असता तरी चालला असता. तो कागदावर हवा होता.

उत्तर: सागाचे_झाड

वरच्या दोन्ही उत्तरांत ज्याचे पैसे बुडाले तो माणूस कुठेच दिसत नाही, म्हणून लिहितो.

मे २०२२ मध्ये टेराफॉर्मचे टोकन कोसळले आणि सुमारे ४,००० कोटी डॉलरचे बाजारमूल्य काही दिवसांत नाहीसे झाले. नोव्हेंबरात एफटीएक्स ही क्रिप्टो बाजारमंच चालवणारी कंपनी बुडाली. अशा वेळी नियामकाने मसुदा काढावा, हरकती मागवाव्यात, दोन वर्षे सुनावण्या घ्याव्यात आणि तोवर हात बांधून बसावे, असे कुणाचे म्हणणे असेल तर त्यांनी आपला नव्वदच्या दशकातला इतिहास आठवावा. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत अजून एक प्रमाणपत्र आहे: जाड कागद, हिरवी वेलबुट्टी, आणि सागाच्या झाडांचे अनुक्रमांक. वीस वर्षांनी ती झाडे तोडून लाखो रुपये येणार होते. झाडे कुठे होती ते आम्हाला कधीच कळले नाही. तेव्हा या योजनांवर नेमका अधिकार कुणाचा, हेच धड ठरलेले नव्हते. सेबीची सामूहिक गुंतवणूक योजनांची नियमावली १९९९ मध्ये आली, तोवर लोकांचे पैसे गेलेले होते. फ्लोरिडातली फळबाग आणि आपला साग यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

नियम आला म्हणजे खटले संपतात असेही नाही. पीएसीएल जमिनीच्या नावाने पैसे गोळा करत होती. सेबीने १९९९ मध्येच तिला हटकले. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २००३ मध्ये तिथे जिंकली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रकरण पुन्हा सेबीकडे पाठवले, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश काढला. या पंधरा वर्षांत वसुली चालूच होती. दोष खटला भरण्याचा नव्हता. तो इतका रेंगाळला, हा होता.

नियामकाला मोकळे रान द्यावे असेही मी म्हणत नाही. डेट बॉक्स या क्रिप्टो कंपनीच्या प्रकरणात एसईसीच्या वकिलांनी युटाच्या न्यायालयाला सांगितले की कंपनी पैसा परदेशी हलवत आहे, आणि प्रतिवादीचे म्हणणे न ऐकताच मालमत्ता गोठवून घेतली. ते कथन खोटे निघाले. मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी हा अधिकाराचा घोर गैरवापर ठरवला आणि आयोगाला सुमारे १८ लाख डॉलरचा भुर्दंड बसला. परंतु हे उघडकीस आले ते प्रकरण न्यायालयात होते म्हणून. कार्यालयात बसून काढलेल्या परिपत्रकाची अशी उलटतपासणी सहसा होत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले; आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना त्यातून काय अपाय झाला हे बँकेला दाखवता आले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते ४ मार्च २०२० रोजी. बँकेचा अधिकार मान्य झाला, परिपत्रक मात्र प्रमाणाबाहेरचे ठरून रद्द झाले. जवळजवळ दोन वर्षे तेही लागूच होते.

प्रतिसाद: पुण्याचा_अभ्यासक

आपणा सर्वांचा आभारी आहे. 'लाल रकाना' मी प्रबंधात घेईन म्हणतो, परवानगी असावी. आणखी एक विचारतो: २०२५ मध्ये एसईसीने यांतले बरेच खटले मागे घेतले. मग तोवर जो अर्थ लावला गेला होता, त्याचे काय झाले? तो रद्द समजायचा का?

उत्तर: जुना_वकील

हा आपल्या मूळ प्रश्नापेक्षा चांगला प्रश्न आहे.

आधी कॉइनबेस घ्या. एप्रिल २०२१ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली, तिची नोंदणीची कागदपत्रे एसईसीच्याच नजरेखालून गेली होती. जुलै २०२२ मध्ये तिने आयोगाकडे नियम करण्याची लेखी मागणी केली. उत्तर येण्याआधी, ६ जून २०२३ रोजी, दावा आला. मागणी फेटाळल्याचे उत्तर त्यानंतर डिसेंबरात. मार्च २०२४ मध्ये न्यायाधीश कॅथरीन फायला यांनी दावा बहुतांशी पुढे चालू दिला आणि जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मधल्यामध्ये अपील करण्याची वाटही मोकळी केली. म्हणजे आपल्याला हवे असलेले उत्तर अपील न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचले होते. त्याच महिन्यात वेगळ्या दाव्यात तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने आयोगाला सुनावले की नियम का करत नाही याची दिलेली कारणे तोकडी आहेत, ती पुन्हा नीट द्या. मग आयोगाचे अध्यक्ष बदलले, आणि २७ फेब्रुवारीला आयोगाने दावा कायमचा मागे घेतला. तेव्हाच्या निवेदनातले एक वाक्य अधोरेखित करून ठेवा: ही माघार दाव्याच्या गुणदोषांचा विचार करून घेतलेली नाही, असे आयोगाने स्वतःच लिहिले. फायला यांचा निकाल पुस्तकात तसाच आहे. कुणीही उद्या तो उद्धृत करू शकतो.

रिपलची गोष्ट याहून बोलकी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये टोरेस यांनी सुमारे १२.५ कोटी डॉलरचा दंड आणि पुढील उल्लंघनास कायम मनाई असा आदेश दिला. नंतर दोन्ही पक्षांचे सूत जुळले: दंड ५ कोटींवर आणावा आणि मनाई उठवावी, अशी त्यांनी २०२५ मध्ये एकत्र विनंती केली. न्यायाधीशांनी ती आधी मे महिन्यात आणि पुन्हा जूनमध्ये नाकारली. न्यायालयाचा अंतिम आदेश पाळायचा नाही असे दोन पक्ष आपसांत ठरवू शकत नाहीत, असे त्यांनी बजावले. नियम असता तर नव्या आयोगाने तो रीतसर प्रक्रियेने बदलला असता. न्यायालयाकडून मागून घेतलेला आदेश मात्र मागणाऱ्यालाही परत करता आला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी आपापली अपिले सोडून दिली आणि दंड, मनाई, तसेच बाजारमंचावरील विक्रीला मिळालेली मोकळीक, तिन्ही जिथल्या तिथे राहिले.

टेराफॉर्मही अपिलापर्यंत गेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये ज्यूरीने तिला दोषी धरले, जूनमध्ये सुमारे ४४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि कंपनी तर दिवाळखोरीतच होती. त्यामुळे आपण ज्या दोन निकालांपाशी अडकला आहात, त्यांच्यातला तंटा दोघांच्याही वरच्या न्यायालयाने कधी ऐकलाच नाही. १३ जुलै आणि ३१ जुलै शेजारी शेजारी उभे आहेत, आणि उद्या तिसरा न्यायाधीश यांपैकी हवा तो उचलू शकतो.