मार्टिनी-हेन्री रायफल अस्सल की नक्कल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. संग्रहासाठी एक निकामी केलेली मार्टिनी-हेन्री रायफल (एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश लष्कराची बंदूक) हाती आली आहे. उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली व्ही.आर. (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया), एनफिल्ड (ब्रिटिश सरकारी शस्त्र कारखाना) आणि १९०२. इथेच मन अडकलं. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली, मग १९०२ ला तिची अक्षरं कशी? शिवाय एनफिल्डमधला 'एन' उलटा ठोकलाय. खैबर खिंडीतल्या कारागिरांच्या नकलांत असं बऱ्याचदा आढळतं. पण नळीत डोकावलं तर गोळीला फिरकी देणाऱ्या सातही खाचा एकसारख्या, स्वच्छ, अगदी हेन्री पद्धतीच्या, म्हणजे या रायफलच्या अस्सल नळीसारख्या! नळी अस्सल आणि बाकीचा सांगाडा नकली, असं जुळवलेलं असू शकतं का? नळीवर नेमक्या कुठे खुणा शोधू? गंज घासायला हात धजावत नाही, खुणाच पुसल्या जायच्या. जाणकारांनी कृपया सांगावं.