गिल्मोरनं काळी स्ट्रॅट विकली, बरं केलं का?

सहावी_तार: आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका ज्येष्ठ गिटारवाल्यांनी परवा घरातल्या सगळ्या गिटारी विकायला काढल्या आणि मिसळीच्या टेबलावर निम्म्या जणांनी त्यांना वेड्यात काढलं. माझ्या मते काकांचंच बरोबर आहे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या डेव्हिड गिल्मोरनं २० जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सव्वाशेच्या आसपास गिटारी एका दिवसात काढून टाकल्या. त्यात १९७० मध्ये घेतलेली काळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे ‘स्ट्रॅट’, ही इलेक्ट्रिक गिटारही होती. ती एकटी ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, लिलावाची बेरीज २ कोटी डॉलरच्या वर. पैसे गेले पर्यावरणासाठी कोर्टात लढणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेला. आणि २०२४ मध्ये गडी नवा अल्बम घेऊन पुन्हा स्टेजवर. ती गिटार नाही म्हणून याचा हात ओळखू आला नाही, असं छातीठोक कोण सांगतंय का?

जवारी_मिरज: मी सांगतो. हात त्याचाच, पण त्या हाताला वळण कुणी लावलं? पन्नास वर्षं एकाच लाकडावर बोटं फिरली की कुठली तार किती खेचायची हे डोक्याला विचारावं लागत नाही. आमच्याकडं जुने तानपुरे येतात. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी झिजलेली असते, जवारी, म्हणजे तार झणकारावी म्हणून घोडीला घासून दिलेली गोलाई, बसलेली असते. आम्ही जवारी काढून देतो आणि वाद्य परत त्याच घरी जातं. ‘विकून टाका, नवा घ्या’ असं कुठल्या बुवांना सांगायची माझी तरी हिंमत नाही.

सहावी_तार: दादा, तानपुऱ्याचा भोपळा तरी तोच राहतो. या काळ्या स्ट्रॅटचं काय तेच राहिलं होतं? मान कितीदा बदलली, ब्रिजजवळचा (तारा टेकतात तिथला) पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडणारा भाग, बदलला, सूर हलवायची दांडी असलेला ट्रेमोलो काढून दुसरा बसवला आणि तोही पुढं काढला. मधली काही वर्षं तर ती अमेरिकेत हार्ड रॉक कॅफेत शोभेला टांगली होती. तिथनं परत आणून, डागडुजी करून २००५ च्या लाइव्ह एट या मोठ्या कार्यक्रमात वाजवली.

उद्यमनगर_फिटर: आता माझं ऐका. ही गिटार काढणारा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला माणूस. त्यानं स्ट्रॅटची मान चार स्क्रूवर बसवली ती उगं न्हाई. बिघडली तर काढ आन दुसरी बसव, पाना चालवणाऱ्याचा विचार हाय तो. मग मान बदलली म्हणून गिटार परकी कशी हुईल? दुसरा मोठा गिटारवाला एरिक क्लॅप्टन, त्याची ‘ब्लॅकी’ गिटार तर तीन जुन्या स्ट्रॅटचे चांगले चांगले भाग जोडूनच केलेली. ती बी २००४ ला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला विकली, त्याच्याच व्यसनमुक्ती केंद्रासाठी.

पण माझा देव क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे. १९६३ ला बापलेकानं घरात गिटार करायला घेतली. मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फ्रेटवरच्या ठिपक्यांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. नाद खुळा! तीच घिऊन गडी २००२ ला बकिंगहॅम पॅलेसच्या छतावर उभारला. वाजवतो पण सहा पेनीच्या नाण्यानं. असली गिटार कोण विकंल?

सहावी_तार: ती त्यानं स्वतः केली, म्हणून. दुकानातनं आणलेल्या वस्तूला तो न्याय लागू नाही.

रंकाळा_रात्र: मग आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरचं काय? १९६१ ची स्ट्रॅट, तीही आयर्लंडमधल्या कॉर्कच्या दुकानातूनच, १९६३ मध्ये घेतलेली. घामानं रंग उडून नुसतं लाकूड दिसायचं. मध्यंतरी चोरीला गेली, परत मिळाली, आणि १९९५ मध्ये तो जाईपर्यंत त्याच्याजवळच होती. २०२४ मध्ये लिलाव झाला तेव्हा ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी घेतली गेली. माणूस असेपर्यंत त्याच्या खांद्यावर, नंतर गावाच्या मालकीची. मला हे जास्त पटतं. गिल्मोरची गेली एका अमेरिकन धनाढ्याच्या संग्रहात. क्लायंटअर्थला पैसे मिळाले, चांगलंच झालं. पण ते बाकीच्या गिटारी विकूनही देता आले असते की.

सहावी_तार: किती? सगळ्यात मोठी बोली तिचीच होती. दान करायचं तर नको असलेलं द्यायचं होय?

जवारी_मिरज: हा मुद्दा मान्य. बाकी नाही.

बेंजो_पार्टी: तुम्ही सगळे डॉलरमध्ये बोलताय. काकांच्या गिटारींची खरी अडचण कोल्हापूरचा पाऊस आहे. जुलैत दमट हवेनं मान फुगती, तारा वर येतात, दिवाळीनंतर उलटं. अॅलन कीनं (सहा कोनी पान्यानं) ट्रस रॉड, म्हणजे मानेतली लोखंडी सळई, पाव फेरा फिरवायचा आणि एक रात्र थांबायचं. हे एका गिटारीला जमतं, पेटीत पडलेल्या सात-आठ गिटारींना सत्तरीत कोण करणार? न वाजवलेल्या गिटारीच्या तारा गंजतात, पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करायच्या बटणात) खरखर येते. माझं मत, एक ठेवावी, बाकीच्या वाजवणाऱ्या पोरांना स्वस्तात द्याव्यात. आणि कुठली ठेवायची ते काकांनी ठरवावं, आपण नव्हे.

उद्यमनगर_फिटर: एक ठेवायला मी बी तयार हाय. पण ती लाल, गिब्सन कंपनीच्या गिटारीची कॉपी ठेवू नका म्हणावं, तिची मान चिकटवलेली हाय, वाकडी झाली तर माझ्याकडं आणू नका.

सहावी_तार: काका तीच ठेवणार म्हणालेत.

जवारी_मिरज: बघा! मला पाठवा, मी बघतो मानेचं.