विकणाऱ्याला आधी मेसेज करू नका

संग्रहातून चोरीला गेलेलं टपाल तिकीट ऑनलाइन विक्रीला दिसलं तर विकणाऱ्याला गाठून जाब विचारा, असं वर काहींनी सुचवलंय. कृपया असं करू नका, जाहिरात लगेच गायब होईल. आधी लिंक, खातं आणि फोटो तारखेसकट जपून ठेवा, मग एफआयआरची प्रत घेऊन पोलिसांकडे जा.

खरी लढाई ‘हे माझंच’ हे सिद्ध करण्याची. 1955 साली अमेरिकेत नॉरफोकच्या प्रदर्शनातून संग्राहक एथेल मकॉय यांचा ‘इन्व्हर्टेड जेनी’चा (विमान उलटं छापलेलं 1918 चं तिकीट) ब्लॉक (एकमेकांना जोडलेली चार तिकिटं) चोरीला गेला. पुढे ती तिकिटं सुटी केली गेली. तरी 2016 मध्ये त्यातलं एक लिलावगृहाकडे आलं तेव्हा तज्ज्ञांनी ओळखलंच: 100 तिकिटांच्या शीटमधलं 76 वं! आणणाऱ्या तरुणाला ते आजोबांकडून मिळालं होतं. तरीही ते मकॉय यांनी हक्क दिलेल्या ग्रंथालयाकडे परत गेलं.

म्हणून कडेचे दाते, शिक्का, डाग स्पष्ट दिसतील असे दोन्ही बाजूंचे फोटो प्रत्येकाने आजच काढावेत. आणि आपल्याकडेही चोरीचा माल विकत घेणाऱ्याला सहसा मालकी मिळत नाही. माल विक्री अधिनियम, 1930 चं कलम 27 वकिलाला दाखवा.