‘श्रिंकिंग’ला मराठीत काय म्हणावं?

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितो आहे. रोजचं काम सांगताना फारसं अडत नाही. फाइल बदलायची, जीएचसीआयमध्ये (कोड लगेच चालवून बघायची खिडकी) पुन्हा लोड करायची, टाइप (किमतींचे प्रकार: आकडा, अक्षर, यादी) जुळले नाहीत तर तिथंच एरर. जुळले की फंक्शनला दोन-चार किमती देऊन बघायचं आणि शेवटी सगळ्या टेस्ट चालवणारी ‘कबाल टेस्ट’ ही आज्ञा. लोड, टाइप, एरर तसेच ठेवलेत, कारण सगळे तसंच बोलतात. अडतं ते आपोआप उदाहरणं बनवून कोड तपासणाऱ्या क्विकचेकच्या ‘श्रिंकिंग’पाशी, म्हणजे चूक दाखवणारं उदाहरण लहान करत नेण्यापाशी. ‘संकोचन’ लिहिलं, पण फार कोरडं वाटतं. दुसरा शब्द सुचतो का?

———

‘छाटणी’? नको ते कापून टाकायचं, एवढंच तर असतं.

———

एवढंच नसतं. समजा, सॉर्ट (आकडे क्रमाने लावणारं फंक्शन) लिहिताना निवडलेल्या एका आकड्या‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ असे दोनच गट केले. समान आकडे गळून गेले. ‘सॉर्टनंतर यादीची लांबी तीच राहते’ हा गुणधर्म दिला की क्विकचेक स्वतःच याद्या बनवून तो तपासतं. ३० आकड्यांच्या एखाद्या यादीवर तो मोडला, की क्विकचेक त्यातले आकडे काढत, लहान करत जातं आणि दर वेळी बघतं, अजून मोडतोय ना? शेवटी उरतं [७, ७]. यातला एक काढा किंवा एकच बदला, चूक दिसेनाशी होते. म्हणून तिथंच थांबतं.

यासाठी मला ‘आटवणे’ हाच शब्द नेमका वाटतो. आटवताना पाणी उडतं, सत्त्व राहतं. इथं त्या चुकीचं सत्त्व दोन आकड्यांत उतरलं. शिवाय क्रियापद सहज चालतं: यादी आटते, क्विकचेक ती आटवतं, हाती आटलेलं उदाहरण येतं. ‘संकोचन’ असं चालवून बघा!

———

‘आटवणे’ घेतला, मनापासून आभार. आता ‘टेस्ट’ला चाचणी म्हणू की पडताळणी?

———

दोन्ही ठेवा, पण वेगळ्या कामांना. टाइप तपासणं ही पडताळणी. ती प्रोग्रॅम चालण्याआधीच होते आणि त्या टाइपच्या सगळ्या किमतींना लागू पडते. क्विकचेक करतं ती चाचणी. एरवी ते १०० उदाहरणं घेतं. ती सगळी पास झाली तरी १०१वं मोडू शकतं. त्यामुळे तिथं ‘गुणधर्म सिद्ध झाला’ असं कृपा करून लिहू नका, ‘चाचणीत टिकला’ लिहा.