मदत हवी आहे : ताटाच्या कडेला जाणारी मेथी

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पोषण आहारात रोज प्रत्येक मुलामागे 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे, पण खिचडीतली मेथी मुलं बोटाने निवडून ताटाच्या कडेला लावतात. फार जीव तुटतो. नुसतं ‘लोह मिळतं, खा’ सांगून काही होत नाही.

गेल्या महिन्यात वर्गातच जुन्या घमेल्यात मेथी पेरली. कोंब वर आले आणि मधल्या सुट्टीत सगळी मुलं घमेल्याभोवती! पुढे त्यांनीच ती खुडली, धुतली आणि लिंबू पिळून कच्चीच खाल्ली. एरवी भाजीला तोंड न लावणाऱ्या एका मुलीने पुन्हा मागितली. बटाट्यात पिष्ट (स्टार्च) असतं हे कळावं म्हणून त्याच्या फोडीवर आयोडीन टाकून निळाकाळा रंगही दाखवला.

आता पुढे काय घ्यावं? लिंबू-आवळ्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह जास्त अंगी लागतं, हे एवढ्या लहान मुलांना हाताने करून कसं समजवावं? सुरी, गॅस न लागणारं, तासाभरात वीसेक मुलांना जमणारं काही कोणी केलंय का? शेवगा, चिंच, आवळा इथे फुकट मिळतात. कृती जरा सविस्तर लिहा, सोमवारपासून सुरू करायचं आहे.