"प्रकाशापेक्षा वेगवान काहीच नाही" हे शिकवणं थांबवा

गिरगावकर:
काल चौपाटीवर भाचीने विचारलं, "मामा, लेझर चंद्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला तर ठिपका किती जोरात पळेल?" घरी येऊन हिशोब मांडला. चंद्राचा व्यास ३,४७४ किमी, पण आकाशात तो दिसतो जेमतेम अर्धा अंश. सेकंदाला ५० अंश, एवढ्या साध्या वेगाने मनगट वळवलं तरी ठिपका ०.०१ सेकंदात चंद्र ओलांडतो. सेकंदाला सुमारे ३,४७,००० किमी! प्रकाशाचा वेग २,९९,७९२. मग "काहीच नाही" कसं? "कुठलाही संदेश नाही" असं शिकवा.

विरारकर:
साफ नामंजूर. ठिपका ही वस्तूच नाही. नळी फिरवत अंगण शिंपताना ओला पट्टा झरझर सरकतो, पण पाण्याचा थेंब या टोकाचा त्या टोकाला जातो का? तसंच इथे. प्रत्येक जागी पडणारा प्रकाश तुमच्या हातातून नव्याने निघालेला, आणि तोही सव्वा सेकंदाने पोचलेला. पोरांना "ठिपका प्रकाशाला हरवतो" सांगाल, तर त्यांना आइन्स्टाइनच खोटा वाटेल.

परळकर:
मी गिरगावकरांच्या बाजूने. गणपतीच्या रोषणाईतली पळती माळ आठवा. मरीन ड्राइव्ह ३.६ किमी, प्रकाशाला १२ मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक दिव्याला आपापलं घड्याळ लावून सगळी माळ १० मायक्रोसेकंदांत ओळीने पेटवली, तर उजेडाची लाट प्रकाशाच्या पुढे धावेल. आता मधला एक दिवा फोडा. पुढचे तरीही वेळेवर लागतील, कारण त्यांना मागच्याची खबरच नसते. लाट पळाली, खबर गेली नाही. मुलांना हा फरक कळतो, त्यांच्यापासून लपवू नका.

डोंबिवलीकर:
मग चर्चगेटपासून विरारपर्यंत ६० किमीची पोलादी सळई टाकली आणि इकडून ढकलली तर? तिकडचं टोक लगेच हलेल, खबर पोचेल.

परळकर:
नाही हलणार. धक्का अणूकडून अणूकडे जातो, पोलादातल्या ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला साधारण ५ किमी. विरारचं टोक १२ सेकंदांनी हलेल. प्रकाश तिथे ०.०००२ सेकंदात पोचलेला असेल. पूर्ण ताठ सळई निसर्गात नसतेच.

विरारकर:
सळईचं उत्तर पटलं, ते शाळेत जरूर सांगा. पण "संदेश" म्हणजे काय, हे सातवीच्या मुलाला कोण समजावणार? "कुठलीही वस्तू नाही" एवढं पुरे.

गिरगावकर:
रेडिओ लहरी वस्तू आहेत का? बंधन त्यांनाही आहे. म्हणून म्हणतो, "संदेश"च.