आशांना बाळाचा श्वास मोजायला कसं शिकवता?

प्रश्न (गटप्रवर्तक, म्हणजे आशांची पर्यवेक्षक, धडगाव भाग):
माझ्याकडच्या सात नव्या आशांचं प्रशिक्षण झालं. खोकणाऱ्या बाळाचे मिनिटाला किती किंवा जास्त श्वास आले की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा? दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, हे झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. परवा पाड्यावर खोकणारं आठ महिन्यांचं पोर भेटलं. दोघींना मोजायला बसवलं. एकीचे ३८, दुसरीचे ६७, माझे ५३. पोर तेच! मी नसते तर ३८वालीने साधी सर्दी म्हणून सोडून दिलं असतं. चुकतंय कुठं?

उत्तर (आशा, मेळघाट, अकरा वर्षं):
ताई, पोर अंगावर पीत होतं का? पिताना, रडताना मोजू नये. मी आधी आईशी दोन गोष्टी बोलते, पोर शांत झालं की झबलं वर करून पोटाकडे बघते. थंडीत आया झबलं वर करू देत नाहीत, मग चुलीजवळ बसायचं. आणि ३८वालीला विचारा, अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलंस का? आमच्याकडे सर्रास करतात.

उत्तर (निवृत्त वैद्यकीय अधिकारी):
गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने दाईंसाठी मण्यांचं साधन केलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळूच्या घड्याळातलं मिनिट संपायच्या आत शेवटचा लाल मणी आला तर न्यूमोनिया. शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्या बायकाही ते वापरत. तुमच्या आशांना दर दहाला एक बोट मुडपायला सांगा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मुळातच कमीजास्त होतो, तिथे ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं. मात्र पोर पीतच नसेल, झटके आले असतील, तर मोजत बसू नका. गाडी बोलवा.

पुन्हा मीच:
३८वालीला विचारलं. खरंच दुप्पट केले होते! शिवाय एक डोळा मोबाईलच्या घड्याळावर, तेवढ्यात श्वास निसटले. ६७वाली पोट वर गेलं की एक, खाली आलं की एक, असं मधूनमधून मोजत होती. प्रशिक्षणात आम्ही प्रोजेक्टरवरचं बाळ दाखवलं होतं. ते ना हलतं, ना आईच्या पदरात शिरतं. आता मिनिटाचा गजर लावून मोबाईल उलटा ठेवायला लावलाय. पोराला अमॉक्सिसिलिन (न्यूमोनियाचं प्रतिजैविक) सुरू झालंय, उद्या दोघींना घेऊन पुन्हा मोजायला जातेय.